फणसे मास्तरांचं ऊन

फणसे मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ओणवे होऊन उन्हाभोवती खडूची रेघ मारत होते.

मी पुण्याहून महाडच्या हायस्कुलात सायन्स शिकवायला नुकताच आलो होतो. गावात ओळखपाळख नव्हती, म्हणून मधल्या सुट्टीत डबा घेऊन शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. समोर दीड हात उंचीचा रंगमंच होता. त्यावर पन्नाशीच्या घरातले एक गृहस्थ धोतराचा सोगा कमरेला खोचून फळ्यांवर रांगत होते. छपरातून उन्हाचा एक लांबट पट्टा खाली आला होता. त्याच्या कडेकडेने त्यांनी रेघ ओढली, खिशातलं घड्याळ पाहिलं आणि रेघेशेजारी आकडा लिहिला.

"काय करताय?" मी न राहवून विचारलं.

"ऊन कुठे पोचलं ते लिहून ठेवतोय." त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही नवे सायन्स ना? मग सांगा बरं, आत्ता पौषात एक वाजता ऊन ह्या फळीवर आहे, तर फाल्गुनात कुठे असेल?"

मला सांगता आलं नाही. बी. एस्सी. होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि सूर्य कुठे असतो हे मला कुणी परीक्षेत विचारलं नव्हतं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "बघू या तरी."

हे 'बघू या तरी' पुढच्या चार वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. हेडमास्तर म्हणत, हे जमायचं नाही. मास्तर म्हणत, बघू या तरी. घरी काकू म्हणत, आज भाजी नाही. त्यावरही त्यांचं उत्तर हेच असे, आणि ते खरोखरच उठून परसात काय उगवलंय ते बघायला जात.

मास्तर भूगोल शिकवत. माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. शिक्षकांच्या खोलीत शिरले की, "काय संस्कृत, सर्दी बरी का? इंग्लिश, तुमची छत्री माझ्याकडे राहिली," असं चाले. मी शेवटपर्यंत 'सायन्स'च राहिलो. पहिले काही दिवस मला राग येई. मग लक्षात आलं की चेअरमनसाहेबांखेरीज ते कुणालाच सोडत नाहीत, आणि रागाचं कारण उरलं नाही.

हॉल शाळेचा होता, पण तो गावाचा झाला तो ह्या माणसामुळे. बांधला होता बक्षीससमारंभासाठी. वर्षातून एकदा खुर्च्या मांडायच्या, भाषणं करायची, हार घालायचे आणि कुलूप लावायचं, असा त्याचा उपयोग. फणसे मास्तरांनी तिथे मुलांची नाटकं बसवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या ध्यानात आलं की नाटकाला फक्त पेठेतलीच माणसं येतात. खेड्यातला माणूस रात्रीच्या खेळाला यायचा कसा? सहा-आठ मैल चालत परत जायचं, वाटेत ओढे, चढ आणि जनावरं. मास्तरांनी ठरवलं, नाटक दुपारीच करायचं. पण दुपारीसुद्धा रंगमंच अंधारा असे. तेव्हा त्यांनी हेडमास्तरांच्या मागे लागून रंगमंचावरची एक ओळ कौलं काढून तिथे काचेची कौलं बसवून घेतली. बाजारातून येऊन परत उजेडात घरी पोचता येईल अशा बेताने, एक ते साडेतीन, अशी आमच्या हॉलची नाटकाची वेळ ठरली. सुगी उरकल्यापासून शिमग्यापर्यंत, दर बाजारच्या दिवशी.

आता गंमत अशी की ऊन एका जागी थांबत नाही. एक वाजता ते रंगमंचाच्या एका टोकाला असे, साडेतीनला दुसऱ्या. म्हणून मास्तर नाटक उन्हाप्रमाणे बसवत. राजाचा दरबार ह्या टोकाला, वनवास मध्यावर, आणि शेवटची भेट त्या टोकाला. मुलं संवाद विसरली तर चाले, पण खडूची रेघ ओलांडून अंधारात गेलेलं चालत नसे. "कडेला जाऊ नकोस रे, तू दिसत नाहीस," एवढंच त्यांचं दिग्दर्शन. स्वतः मास्तरांना अभिनय शून्य, गाणं त्याहून कमी. एकदा दूताचं काम करणारा मुलगा तापाने पडला म्हणून हे उभे राहिले. एकच वाक्य होतं. ते वाक्य त्यांनी प्रेक्षकांकडे टक लावून पाहत, भूगोलाच्या तासाला नद्यांची नावं सांगावीत तसं सांगितलं आणि जाताना राजाला नमस्कार करायचा विसरले.

मी पाहिलेल्या पहिल्या नाटकात ढग आला. राजा राज्य सोडून निघाला होता, राणी मागे रडत होती, आणि ऊन गेलं. दोघंही सावलीत पडली. मुलांना काही सांगितलेलं नव्हतं, ती जागच्या जागी थिजली. मग मागून एक म्हातारा आवाज आला. तुडीलहून आलेला कुणी शेतकरी होता.

"थांब रं वाईच राजा," तो म्हणाला. "ढग जाऊ दे. मग जा."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच ते पटलं होतं. माणसांनी पानसुपारी काढली, बायकांनी मुलांना शेंगा दिल्या, राजा एक पाय पुढे टाकून उभाच. दहा मिनिटांनी ऊन आलं, आणि राजा गेला. तेव्हापासून आमच्या हॉलचा तो नियमच झाला. ढग आला की खेळ थांबायचा. उन्हात असेल ते नाटक, सावलीत असेल ते नाटक नव्हे, हे आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक झालं. हा नियम पुढे आमच्या अंगाशी येणार होता, पण ते नंतर.

त्या ढगाच्या दिवशीच मला मास्तरांची दुसरी तऱ्हा कळली. मी त्यांना शोधत होतो, तर ते रंगमंचाच्या पायथ्याशी एका स्टुलावर, नाटकाकडे पाठ करून बसले होते. तोंड लोकांकडे. मला वाटलं, मुलं चुकतील म्हणून धास्तीने बघवत नसेल. पण पुढच्या खेळालाही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. मागे तलवारी खणखणताहेत, राक्षस ओरडतोय, आणि फणसे मास्तर शांतपणे लोकांची तोंडं न्याहाळताहेत. मध्येच वहीत काहीतरी टिपून घेताहेत. मला हे कोडं सुटेना. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, घरी गणपतीची आरास केली तरी हे आधी आलेल्या बायकांची तोंडं बघतात. मी आता सांगणं सोडून दिलंय."

शेवटी एकदा त्यांनाच विचारलं.

"नाटक मला पाठ आहे, सायन्स," ते म्हणाले. "माणसं पाठ नाहीत."

वहीत काय टिपता, हेही विचारलं. तर खेळ संपल्यावर ते मला भूगोलाच्या वर्गात घेऊन गेले. भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला तालुक्याचा मोठा नकाशा होता. सावित्रीचं पात्र, घाट, पोलादपूरकडचे डोंगर, सगळी लहानमोठी गावं. काही गावांवर तांबड्या शाईचा ठिपका होता. एखाद्या गावातून एक जरी माणूस हॉलमध्ये आला, तरी मास्तर त्या गावावर ठिपका देत. कुणाच्या मुंडाशाच्या बांधणीवरून, कुणाच्या बोलण्यावरून ते गाव ओळखत, आणि नाहीच ओळखता आलं तर सरळ जाऊन विचारत. शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले, तेव्हा नकाशा पाहून गंभीर झाले. एवढ्या गावांत कसली साथ आहे, म्हणाले. "नाटकाची," मास्तरांनी सांगितलं. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हांला कळलं नाही.

नदीकाठचा भाग ठिपक्यांनी भरला होता. डोंगराकडे ते विरळ होत जात. आणि अगदी वर, पठारावर, कुडपणवर ठिपका नव्हता. मास्तर त्या कोऱ्या जागेसमोर उभे राहून पानाला चुना लावत. "मागचा माणूस काय बघतो, ते बघायला पाहिजे," असं त्यांचं आणखी एक वाक्य होतं. तालमीच्या वेळी ते हॉलच्या शेवटच्या भिंतीपाशी जाऊन बसत आणि तिथून दिसतं का ते पाहत. कुडपण त्यांच्या दृष्टीने शेवटच्या भिंतीपाशीच बसलेलं होतं.

दिवाळीनंतर एका सुट्टीला ते मला म्हणाले, "चला सायन्स, जाऊन विचारू."

पोलादपूरपर्यंत मोटार होती, पुढे पाय. चढताना मला धाप लागली. मास्तर मात्र छत्री टेकत, वाटेतल्या झऱ्यांची चौकशी करत आरामात चढले. वर गावात धाकू शेलार म्हणून एक म्हातारा कर्ता होता. त्याने आम्हांला ओटीवर घोंगडीवर बसवलं, नाचणीची भाकरी आणि ताक दिलं, आणि मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं. नाटक दुपारचं असतं, उजेडी परत येता येतं, पोलादपूरला आप्तांकडे उतरून दोन दिवसांत ये-जा होईल, सगळं.

"मास्तर," धाकू म्हणाला, "तुमचं नाटक चांगलं आसंल. पन आमी येवून करू काय?"

"बघायचं."

"निसतं बघायचं?" धाकूला हे काही केल्या पटेना. "आमच्यात निसतं बघत कोन नाय. गानारा गातो, नाचनारा नाचतो, बाकीचं फेराला धरून बसत्यात नि टाळी देत्यात. म्हातारीकोतारी पन. निसतं बघाया दोन दिस मोडून कशाला यायचं?"

मास्तर भाकरी चावायचे थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा भाव पाहिला, जो एरवी वर्गात एखाद्या पोराने अनपेक्षित प्रश्न विचारला की येई.

"मग नाचायला याल?" त्यांनी विचारलं.

"नाचाया का नाय? शिमग्याला मंबईची पोरं येत्यात. त्यास्नी घेवून येतो की."

उतरताना मास्तर एका झऱ्यापाशी थांबून पाणी प्यायले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांना बसवतोय, सायन्स. आपण काय करू, असं मला एकानेही विचारलं नव्हतं."

आता खरी अडचण होती ती आण्णासाहेब वकिलांची. ते आमच्या संस्थेचे चेअरमन. माणूस वाईट नव्हता, पण दचकलेला होता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गावात कुठेही चार माणसं एकत्र दिसली की पेठेतली वजनदार मंडळी अस्वस्थ होत. त्यात हॉलच्या व्हरांड्यात बाजारच्या दिवशी महारवाड्यातली माणसं खिडक्यांपाशी उभी राहून नाटक पाहत, हे आण्णासाहेबांना खुपत होतं. मास्तरांनी खिडक्या बंद करायला कधीच परवानगी दिली नव्हती. पण त्या माणसांना आत या, असंही त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूने झाकून ठेवणार नाही, कारण त्यांनीही ठेवलं नाही. "खिडकी उघडी ठेवण्यापुरतीच माझी छाती आहे," ते मला एकदा म्हणाले. "उंबरठ्याशी ती संपते. मला त्याची लाज वाटते." एवढं बोलून ते पुढच्या तासाला निघून गेले.

आण्णासाहेबांनी मास्तरांना घरी बोलावलं. मी सोबत होतो.

"डोंगरातली माणसं शाळेच्या हॉलमध्ये नाचणार? विद्यामंदिर आहे ते, फणसे."

"हो साहेब. एकदा बघू या तरी."

"एकदाच," आण्णासाहेब म्हणाले. "आम्ही सगळे येऊन बसू. काही बेअदबी झाली, तर त्या दिवसापासून हॉल फक्त शाळेचा. तुमचं बाजारचं नाटक बंद. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले, आणि छत्री उचलून उठले. सहा वर्षांचं काम त्यांनी त्या एका दुपारवर लावलं होतं.

शिमग्याच्या आधी कुडपणकर आले. पंधराएक जण, पायांत चाळ, कमरेला रंगीत फडकी. म्होरक्या गोविंद, धाकूचा पुतण्या, मुंबईला गिरणीत होता. त्याने रंगमंच पाहिला आणि खूश झाला. "इस्टेज फस्क्लास हाय मास्तर," म्हणाला. सकाळी तालीम ठेवली होती. ढोलकीवाला आणि गाणारे मध्ये बसले, बाकीच्यांनी फेर धरला. नाच सुरू झाला, आणि हॉलमधून काय दिसलं, तर पाठी. सगळ्या पाठीच. गाणारे मध्ये झाकले गेलेले, नाचणारे आत बघताहेत.

हेडमास्तर म्हणाले, "ह्यांना पुढे तोंड करायला सांगा."

गोविंदाने प्रयत्न केला. अर्धा फेर उघडला, सगळ्यांनी तोंडं हॉलकडे केली. दोन कडव्यांत पावलं चुकली. तिसऱ्यात दोघं एकमेकांवर आदळले.

"नाय जमत मास्तर," गोविंद घाम पुसत म्हणाला. "समोरच्याचा पाय बघून आपला पाय टाकायचा असतो. समोर मानूसच नाय, तर बघू कुनाचा पाय? टायमिंग जातं."

मास्तर स्टुलावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. बाजार भरत आला होता, आण्णासाहेब दोन तासांत येणार होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, आणि खरं सांगतो, मला त्यांची कीव आली. मग ते एकदम उठले.

"खुर्च्या वर घ्या," ते म्हणाले. "मंडळी बसतील रंगमंचावर. नाच खाली, हॉलच्या मध्यावर. लोक भोवती. फेराला पाठ नसते, सायन्स, आपण एका बाजूला बसतो म्हणून ती दिसते."

आम्ही सगळ्यांनी धावपळ करून खुर्च्या वर नेल्या. बाजूचे दरवाजे सताड उघडले, म्हणजे खाली उजेड आला. मला ही कल्पना इतकी आवडली की तिच्यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यात आलंच नाही. सायन्स शिकवणाऱ्याच्या नाही, आणि इतकी वर्षं खडूने ऊन मोजणाऱ्या माणसाच्याही नाही.

दीड वाजता आण्णासाहेब, मामलेदार, डॉक्टर आणि आणखी चार प्रतिष्ठित मंडळी रंगमंचावर खुर्च्यांवर बसली. खाली माणसं दाटीवाटीने बसली. ढोलकी वाजली. आणि काचेच्या कौलांतून फाल्गुनातलं ऊन नेमकं आण्णासाहेबांच्या रांगेवर येऊन पडलं.

सगळ्या हॉलने माना वर केल्या. ज्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की उन्हात असेल ते नाटक, ती माणसं नाटक बघू लागली. खाली कुडपणकर जीव तोडून नाचताहेत, आणि लोक बघताहेत आण्णासाहेबांकडे. आण्णासाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. लोक लक्ष देऊन बघत राहिले. मामलेदारांना डुलकी लागली, त्यांची टोपी घसरली. एक बाई शेजारणीला म्हणाली, "ह्यो झोपनारा बेस करतोय गो. खराच वाटतो." कुणीतरी हसलं. मग हशा पसरत गेला. त्या लोकांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना वाटलं, मास्तरांनी या वेळी मोठ्या माणसांना घेऊन विनोदी काहीतरी बसवलंय. डॉक्टर रागाने उठून उभे राहिले, तर टाळ्या पडल्या.

मास्तर नेहमीप्रमाणे रंगमंचाकडे पाठ करून लोकांची तोंडं बघत बसले होते. सगळे आपल्या डोक्यावरून मागे का बघताहेत, हे कळायला त्यांना वेळ लागला. त्यांनी वळून पाहिलं. तो त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. क्षणभर तेही हसले, आणि मग त्यांना सगळं समजलं.

मंडळी निघून गेली. नाच संपेपर्यंत मास्तर जागचे हलले नाहीत. कुडपणकरांना त्यांनी हात जोडले, नाच उत्तम झाला म्हणून सांगितलं, आणि तो खरोखर उत्तमच झाला होता. मग भूगोलाच्या वर्गात जाऊन कुडपणवर ठिपका दिला. शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. पुढच्या आठवड्यात संस्थेचा ठराव झाला आणि बाजारच्या दिवशी हॉलला कुलूप लागलं.

मास्तरांनी आण्णासाहेबांना जाऊन समजवावं म्हणून मी त्यांच्या पाठीस लागलो. "तुम्ही भांडा," म्हटलं. "चूक उन्हाची होती."

"उन्हाची कशी?" ते म्हणाले. "मी कबूल केलं होतं."

पुढचं वर्ष त्यांनी निमूटपणे भूगोल शिकवला. फळ्यांवरच्या खडूच्या रेघा पुसट झाल्या. बाजारच्या दिवशी खेड्यातली माणसं हॉलपर्यंत येत, कुलूप बघत आणि परत जात. व्हरांड्यातही कुणी थांबत नसे. मास्तर शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून ते पाहत. 'बघू या तरी' त्या वर्षी मी फारसं ऐकलं नाही, आणि मला ते ऐकण्याची किती सवय झाली होती हे तेव्हा कळलं. वर्षअखेरीस मला पुण्याला नोकरी मिळाली. शिमग्यानंतर मी महाड सोडणार होतो.

शिमग्याच्या आधीचा बाजार. दुपारी एकच्या सुमाराला शाळेच्या फाटकाबाहेर ढोलकी ऐकू आली. पाहतो तर धाकू, गोविंद आणि सगळे कुडपणकर, पायांत चाळ बांधून. त्यांना ठरावाचं कुणी कळवलं नव्हतं. म्हणजे ते काम मास्तरांचं होतं, आणि त्यांच्याने ते झालं नव्हतं.

मास्तर बाहेर आले. धाकूला घेऊन हॉलच्या दरवाजापर्यंत गेले, कुलूप दाखवलं, सगळं सांगितलं. धाकूने कुलूप हातात घेऊन पाहिलं.

"मंग ह्यात काय आडलं, मास्तर?" तो म्हणाला. "आत तुमी ऊन छपरातून घेता. भायेर तर सगळंच ऊन हाय."

मग शाळेपलीकडच्या मोकळ्या गावठाणात, चिंचेपाशी, सगळे निघाले. ती जागा संस्थेची नव्हती. मास्तरांनी वाटेत खेळाच्या खोलीतून मैदान आखायच्या फक्कीचं घमेलं उचललं. ढोलकी ऐकून बाजारातली माणसं येऊ लागली होती. मास्तरांनी ओणवं होऊन कुडपणकरांभोवती पांढरा गोल आखला, लोकांना त्याच्यावर बसवलं. माणसं वाढली, तसा बाहेरून आणखी एक गोल. मग आणखी एक. धोतर पांढरं झालं, टोपीवर फक्की पडली.

महारवाड्यातली दहाबारा माणसं चिंचेच्या पलीकडे, बरीच लांब उभी होती. खिडकीशी उभी राहणारी तीच. तिथे ना खिडकी होती, ना उंबरठा, तरी ती लांबच उभी राहिली होती. नाच सुरू झाला. मी गोलात बसून मास्तरांना शोधू लागलो. सवयीने मी फेराच्या आत, पाठ करून बसलेला माणूस शोधत होतो. ते तिथे नव्हते. ते घमेलं घेऊन फक्कीची रेघ ओढत चिंचेकडे चालले होते. गोलातल्या काही पेठेतल्या माणसांनी वळून पाहिलं. दोघे उठून गेले. मास्तरांची रेघ वाकडी पडत होती, हे मला इतक्या दुरूनही दिसलं. ते त्या माणसांच्या समोरून गेले नाहीत. वळसा घालून त्यांच्या मागून गेले, आणि रेघ त्यांच्या पाठीमागून फिरवून पुन्हा आमच्या गोलाला आणून मिळवली.

मग त्यांनी घमेलं खाली ठेवलं, परत गेले आणि त्या माणसांच्या शेजारी, शेवटच्या रेघेवर, नाचाकडे तोंड करून बसले. चार वर्षांत प्रथमच मी त्यांना खेळाकडे तोंड करून बसलेलं पाहत होतो. शेजारी एक वयस्क माणूस अजून उभाच होता. मास्तरांनी त्याच्याकडे मान वर करून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते मला ठाऊक होतं. तो माणूस सावकाश खाली बसला, नाचाकडे पाहिलं आणि मान हलवली, दिसतंय म्हणून.